समितीनं न घेतलेला चहा

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर. आमच्या बौद्ध दीक्षेनंतरच्या चौथ्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, भरदुपारी, राजापेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरात.

दादा अमरावतीच्या एका कॉलेजात पाली शिकवतो. सिलोनचे एक पंडित दोन महिने त्याच्यासोबत बसून ग्रंथ वाचायला येणार होते. परदेशी विद्वानाचा यजमान व्हायचं तर नियम होते. नोकरी कायम हवी. ती होती. पाहुण्याला वेगळी खोली हवी. आम्ही आमची रिकामी केली, चुना मारला, मच्छरदाणी टांगली. शेवटचा नियम असा, की कॉलेजच्या समितीनं घरी येऊन पाहुणचार घ्यावा आणि मग शिफारस करावी.

त्या दिवशी वहिनीनं दूध दोनदा तापवलं. नवे कप धुतलेलेच पुन्हा धुतले.

"कपबशी वाजली तर चालते न वं?" तिनं मला विचारलं.

दादा मला म्हणाला, "आज तू तोंड उघडू नको. तुझी पत्रकबाजी उद्या कर."

तिघं प्राध्यापक आले. खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, "छान, हवेशीर आहे," म्हणाले. वहिनीनं चहा आणला.

"आत्ताच घेऊन निघालो," पहिले म्हणाले.

"मला दुपारी चहा सोसत नाही," दुसरे.

तिसऱ्यांना काही सुचेना. "माझा आज उपास आहे."

"उपासाले चहा चालते जी," वहिनी म्हणाली. "घ्या न. थंडा होऊन राहिला."

ते छताकडे पाहत हसले. मी पडद्याआड ओठ चावून उभी. दादा कपांकडे पाहत होता, चहावर साय धरेपर्यंत. मग ते नमस्कार करून उठले. पाण्याचे पेलेही भरलेले तसेच होते.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की वहिनी दारात. शेवटी निकाल आला: खोली समाधानकारक, पाहुणचाराचा समितीस अनुभव नाही, सबब यजमान अपात्र.

"अनुभव नाही म्हंजे?" वहिनी म्हणाली. "मी त कप हातात देऊन राहिली होती!"

पंडितांना अकोल्याला एका बंगल्यात उतरवलं. त्या यजमानांना पालीचं अक्षर येत नाही. ग्रंथ उघडायचा तर दादाच लागे, म्हणून तो दर रविवारी जवळच्या बडनेरा स्टेशनवरून गाडी धरायचा, त्यांच्या व्हरांड्यात बसून वाचायचा आणि संध्याकाळी परत यायचा. म्हणजे विद्या आमची चालते. चहा तेवढा चालत नाही!

यंदा दुसरे एक पंडित येणार आहेत. दादानं पुन्हा अर्ज केलाय. समिती येत्या आठवड्यात येणार, आणि वहिनी आतापासून नीट जेवत नाही. काल मला म्हणाली, "यंदा सरबत करू का वं? त्याले त नाही म्हणणार नाहीत?"

तुम्ही जे हे वाचता आहात, तुम्ही कॉलेजात शिकवता, समित्यांवर बसता. आमच्या घरी या. बसा. वहिनी कप पुढे करील, तो घ्या आणि तिच्यासमोर प्या. प्यायचा नसेल तर कारण तिच्या तोंडावर सांगा, आणि तेच अहवालात लिहून खाली सही करा.