भवानी पेठेतलं भुयार

अण्णांना जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा त्यांच्या रविवारच्या मंडळींमधल्या एका गृहस्थांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर ते महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी लोकांना घेऊन सोलापूरच्या जुन्या पेठांतून पायी हिंडायचे. गटाराच्या कडेला उलटी बसवलेली वीरगळ, पिठाच्या गिरणीखाली झाकून गेलेली विहीर, असल्या गोष्टी दाखवायचे. फोन करणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. लोकांना निरोप देणं, कुठे जमायचं ते ठरवणं, शेवटी चहा सांगणं ही त्यांची कामं.

"या रविवारी भवानी पेठ आहे," ते म्हणाले. "सरांचे कागद तुमच्याकडेच असतील. घेऊन या. कुणीतरी वाचून दाखवलं पाहिजे की."

मी त्या फिरण्याला कधीच गेले नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयात आठवडाभर पुस्तकं हाताळून झाल्यावर रविवारी सकाळी मला घरातलं पुस्तक आणि शांतता हवी असायची. अण्णा साडेसहाला चपला घालून निघायचे. "येतेस?" असं पहिली काही वर्षं विचारायचे. पुढे त्यांनी विचारणं सोडलं आणि ते कधी सोडलं हेही माझ्या लक्षात आलं नाही. आता त्यांच्या मागे जायला मी "हो" का म्हटलं, ते मला नीट सांगता येत नाही.

कागद सापडले. परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर एका बाजूने लिहिलेले, प्रत्येक ठिकाणाला एक परिच्छेद. कशाला पुरावा आहे, कशाला नाही, हे प्रत्येक परिच्छेदाखाली. अण्णा असेच होते. मुलांनी पेपरात कुठलीही ऐकीव गोष्ट लिहिली की गुण कापायचे. भुयारांचा तर त्यांना रागच होता. एकदा एका लग्नाच्या पंगतीत आमचे एक नातेवाईक त्यांच्या गावातल्या देवळापासून थेट परांड्याच्या किल्ल्यापर्यंत गेलेल्या भुयाराचं वर्णन करत होते. अण्णांनी जिलबी खाली ठेवली. "प्रत्येक गावात एक भुयार असतं आणि प्रत्येक भुयारातून घोडेस्वार जातो," ते म्हणाले. "मग वर रस्ते कशाला बांधले म्हणायचे?" ते नातेवाईक नंतर दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत.

हे सांगायचं कारण पुढे येतं.

रविवारी तीसेक माणसं जमली. बरीचशी नवरा-बायको, काही कॉलेजमधल्या मुली, आर्किटेक्चर शिकवणारे एक तरुण प्राध्यापक. मी कागदातलं वाचत गेले. माझा आवाज मागच्यांपर्यंत पोचत नव्हता, पण कुणी तक्रार केली नाही. मग एका घराशी आलो. पुढच्या खोलीत शिलाई मशिनी, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. मी कागद उलटला. त्यावर एवढंच होतं: "आजींचं घर. आधी विचारणे. पाच मिनिटे." खाली परिच्छेद नाही, पुरावा नाही, काहीच नाही.

"आता भुयार!" बँकवाले मोठ्यानं म्हणाले आणि सगळे एकदम जागे झाले.

मधल्या खोलीत जमिनीवर लाकडी फळ्यांचं झाकण होतं. घराच्या मालकानं, पन्नाशीतल्या माणसानं, ते बाजूला केलं. भिंतीपासून हातभर अंतरावर एक चौकोनी खड्डा. माझ्या कमरेएवढा खोल असेल. तळाला एक काळी फरशी.

"सर सांगायचे, या फरशीखालून भुयार निघतं आणि भुईकोट किल्ल्यात जातं," बँकवाले म्हणाले. "खड्डा आयता मिळाला म्हणून यांच्या आजोबांनी त्यात माग बसवला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. अण्णा? असं म्हणायचे?

"मॅडम, सर कधी आत उतरले होते का?" कुणीतरी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात ते प्राध्यापक खड्ड्याशी वाकले आणि म्हणाले, "फरशी उचलून बघायला काय हरकत आहे? तिसऱ्या रविवारी येताना पहार आणू. सरांच्या आठवणीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरमालकानं झाकण परत सरकवायला घेतलं. त्याची आई दाराशी बसून हे बघत होती. मी निघताना ती माझा हात धरून म्हणाली, "एकटी ये, अम्मा."

मी बुधवारी गेले. ग्रंथालयातून सुटल्यावर, उन्हं कलती असताना. मुलगा बाजारात गेला होता, सून पुढे मशीन चालवत होती. म्हातारी मधल्या खोलीत खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसली होती आणि शेवग्याच्या शेंगा सोलत होती.

"कूर्चो, बस," ती म्हणाली. त्यांच्या घरात आपसांत तेलुगू चालतं. माझ्याशी बोलताना ती मराठीवर यायची, पण अधूनमधून एखादा शब्द मागेच राहायचा.

"आजी, हे भुयार आहे का?"

ती हसली. "कुटलं भुयार? मागाचा खड्डा हाय. आमचे मालक हितं बसायचे, असे पाय सोडून. खाली पावड्या. पायानं पावडी दाबायची, हातानं धोटा फेकायचा. मी तितं भिंतीला बसून सुताच्या कांड्या भरायची. रुमाल, पातळं, सगळं हितंच इणलं."

"आणि ती फरशी?"

"पाय ठेवायला की. मातीवर पाय ठिवला तर ओल लागती, संधिवात हुतो."

मला हायसं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. "मग अण्णा तसं का सांगायचे?"

तिनं शेंग खाली ठेवली आणि सांगितलं. तिचा नवरा गेल्यावर माग मोडीत निघाला. मुलाला ही खोली गठ्ठे ठेवायला पाहिजे होती. एका रविवारी त्यानं मुरूम मागवला. दाराशी ढीग पडला, पाटी घेऊन दोन माणसं उभी राहिली आणि म्हातारी खड्ड्यात पाय सोडून बसली. उठेना. मुलगा ओरडतोय, सून रडतेय, गल्ली दारात जमलेली. नेमके त्याच वेळी अण्णा आपली माणसं घेऊन गल्लीत शिरले. ते याआधी दोनदा घरी येऊन गेले होते. खड्ड्याची मापं घेऊन, पाय सोडून बसूनही बघितलं होतं त्यांनी.

"सर आत आले," ती म्हणाली. "माझ्याकडं बघितलं. पोराकडं बघितलं. मग लई मोठ्यानं म्हणाले, थांबा, याच्या खाली भुयार हाय. किल्ल्याचं. बुजवलं तर पाप लागंल."

"पाप लागेल असं म्हणाले?" हे मला सगळ्यात अशक्य वाटलं.

"न्हाई, ते मी म्हणाले आसंन," ती जरा विचार करून म्हणाली. "पण भुयार तेच म्हणाले."

"आणि तुमच्या मुलानं ऐकलं?"

"साधा हाय तो. मोठा माणूस बोलला की खरं मानतो. त्याला सांगू नको तू. मुरूम गल्लीतल्या खड्ड्यांत टाकला. लोकांला वाटलं नगरसेवकानं टाकला, नारळ फोडला त्याच्यापुढं."

मी हसले नाही, पण हसायला हवं होतं. मी विचारलं, "तुम्हाला हा खड्डा का हवाय, आजी? त्यांची आठवण म्हणून?"

"गुडघे दुखत्यात. मांडी घालता येत न्हाई, खुर्चीवर पाय सुजत्यात. हितं बरं वाटतं." मग शेंगा उचलत म्हणाली, "आठवण पण हाय की. दोन्ही हाय. एकच पाहिजे का तुला?"

घरी येऊन मी बँकवाल्यांना फोन केला. त्या दिवशी तेही तिथे होते.

"सर तसं ठामपणे नव्हते म्हणाले," ते म्हणाले. "असू शकतं, असं म्हणाले. म्हणजे मला तसं आठवतं. मग आम्हीच पुढे... तुम्हाला माहीतच आहे, लोकांना भुयार म्हटलं की आवडतं."

"पण नंतर दर वेळी तुम्ही सांगायचात तेव्हा ते काय करायचे?"

"बाहेर थांबायचे. म्हणायचे, आत गर्दी होते."

पुढचे दहा दिवस माझं वाचनात लक्ष लागलं नाही. म्हातारीचं खरं धरलं तर अण्णा सगळ्या गल्लीसमोर खोटं बोलले होते आणि नंतर कित्येक रविवार गल्लीत उभे राहून ते खोटं ऐकत होते. बँकवाल्यांचं खरं धरलं तर ते अर्धंच बोलले आणि उरलेलं त्यांनी होऊ दिलं. मला दोन्ही अण्णा ओळखता येत नव्हते. माणूस गेल्यावर आपल्याजवळ त्याची ओळख तरी उरते, असं मी धरून चालले होते. इथे तीच हलत होती.

आणि रविवारी पहार येणार होती. फरशी उचलली की खाली माती निघणार. मग अण्णा सोलापूरभर खोटे ठरणार, आणि मुलगा खड्डा बुजवणार. मी आधीच खरं सांगितलं तर अण्णा माझ्याच तोंडून खोटे ठरणार आणि तरीही खड्डा बुजणार. गप्प राहिले तर ती कुणाची बाजू घेणं होईल, ते मला कळत नव्हतं. मी तीनदा त्या मुलाला फोन करायला घेतला आणि तीनदा ठेवला. म्हातारीनं त्याला सांगू नको म्हटलं होतं.

तिसऱ्या रविवारी नेहमीपेक्षा दुप्पट माणसं आली. प्राध्यापकांनी पहार आणि मोजपट्टी आणली होती. काही जण खोलीत, बाकीचे पुढे गणवेशांच्या गठ्ठ्यांना टेकून. झाकण काढलं. म्हातारी भिंतीशी, पूर्वी कांड्या भरायला बसायची त्या जागी बसली होती. बँकवाल्यांनी मला म्हटलं, "सरांबद्दल दोन शब्द बोला, मग उचलू."

मी दोन शब्द तयार केले नव्हते. मी म्हटलं, "इथे भुयार नाही. हा मागाचा खड्डा आहे. विणणाऱ्याला पाय सोडून बसायला खणलेला. फरशी पाय ठेवायला आहे."

"म्हणजे सरांचा तसा एक अंदाज होता," बँकवाले सावरत म्हणाले.

"अंदाज नव्हता. त्यांनी मापं घेतली होती. त्यांना माहीत होतं. ते खोटं बोलले."

पुढच्या खोलीतून एका बाईनं विचारलं, "काय म्हणाल्या?" आणि कुणीतरी तिला हळूच सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलली. लांब वाक्य होतं. तिच्या मुलानं ते मराठीत सांगितलं नाही.

"मग फरशी उचलायची का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"काय गरज न्हाई," मुलगा म्हणाला.

लोक पांगू लागले. काही जणांनी जाताना खड्ड्याचे फोटो काढले, पूर्वीपेक्षा कमी. एका मुलीनं म्हातारीला विचारलं, "आजी, धोटा कसा फेकायचा?" म्हातारीनं हात हलवला. दाखवायला, की जा म्हणून, ते कळलं नाही.

मुलगा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, "तुमच्यापासून लपवलं गेलं, त्याबद्दल मी माफी मागते."

"मॅडम," तो म्हणाला, "माझा बाप त्या खड्ड्यात बसायचा. मी शाळेतून आलो की त्याच्या पायाशी उतरून खेळायचो. मला माहीत न्हाई व्हय, खाली काय हाय ते?"

मी थांबले.

"मुरूम आणून बसलो होतो. सगळी गल्ली बघत होती, बायको आतनं बघत होती. आईला काखेत हात घालून उचलणार होतो का मी? आणि न उचलावं तर ह्यो आईला भ्याला म्हणायचे. सर आले, म्हणाले भुयार हाय. मी म्हटलं, बरं झालं. वाट मिळाली. बायको आजवर गप हाय त्या भुयारामुळं." तो रस्त्याकडे बघत होता. "आता तुम्ही सगळ्यांसमोर खरं सांगितलं. आता मी घरात काय सांगू?"

"मग बुजवणार का?" मी विचारलं.

"दिवाळीपर्यंत तर न्हाई. सीझन हाय, सवड न्हाई. पुढचं बघू की. बायकोला म्हणतो आईचे गुडघे."

"गुडघे खरंच दुखतात त्यांचे."

"ते बी हाय," तो म्हणाला. "पण नुसत्या गुडघ्यांवर बायको ऐकत न्हाई, मॅडम."

रिक्षा थांबली. मी बसले नाही. मला एकच विचारायचं होतं आणि विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. "अण्णा ते कुणासाठी बोलले? आईसाठी, का तुमच्यासाठी? तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळलं होतं का?"

रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"मॅडम, ते वडील तुमचे," तो म्हणाला. "आणि विचारताय मला."