आयोडीनचा वास

नातवाच्या गुडघ्याला आयोडीन लावलं आणि त्या वासासरशी मी बोरी अरबच्या, माझ्या सासरच्या गोठ्यात पोचले. साठ-बासष्टचं साल, मी नवी नवरी. आंदण म्हणून माहेराहून, नेरहून माझ्यासोबत आलेल्या कपिला गाईनं चारा सोडला होता.

"तिले माहेराची याद येऊन राह्यली," सासूबाई म्हणाल्या. मला ते पटलं. माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता, तोंडून शब्द फुटत नव्हता.

गुरांच्या डॉक्टरांनी कपिलेच्या तोंडात हात घातला. "जीभ लाकूड झाली हिची. रोग हाये हा." त्यांनी जिभेला लावायचं आयोडीनचं औषध सुरू केलं. सासूबाई तिला हातानं आंबील पाजत राहिल्या.

एका धुकट सकाळी कपिलेनं माझं मनगट चाटलं. जीभ ओली, खरखरीत, पण पुन्हा मऊ होती.

"आता तुह्या जिभेले काय लावू, पोरी?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नको, आई," मी म्हणाले. त्या घरात मी पहिल्यांदाच कुणाला आई म्हटलं होतं.