जांभळाची डगाल

मी भूगोल शिकवतो. वीस वर्षं झाली, तोच धडा घोकून घेतो: ज्वालामुखी फुटले, लाव्हा पसरला, थरावर थर बसले. चंद्रपूर जिल्ह्याच्या आमच्या कोपऱ्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ, तो काळा फत्तर डोंगरभर उघडा पडलाय आणि त्याच फत्तराचा गोंड राजांच्या काळचा किल्ला माथ्यावर उभा आहे. पोरं विचारायची, "गुरुजी, तुम्ही पाह्यला का?" मी छाती फुगवून सांगायचो, "दर रविवारी जातो. सायकलनं."

डॉक्टरनं शुगर सांगितली म्हणून सायकल घेतली होती. जाड टायरची, गियरची, पुढं स्प्रिंगवाली. बायको म्हणाली, पन्नाशीला आले आणि हे काय खूळ घेतलं. खूळच होतं ते. राखीव जंगलात सायकल चालवायची परवानगी आमच्याकडं नव्हती, आणि ती मागायला जावं असंही कधी वाटलं नाही. आपण शिक्षक, आपल्याला कोण अडवणार, ही मस्ती होती.

सोबत एक मित्र असायचा, मेडिकलचं दुकान चालवतो. आदल्या वर्षी एका वळणावर फांदी पडली होती. मी ती टाळून पुढं निघून गेलो, मागून हा आला आणि तोंडावर आपटला. खांद्याचं हाड मोडलं. दोन महिने त्याची बायको दुकानात बसली, मला पाहिलं की तोंड फिरवायची. तेव्हापासून आमचा नियम ठरला: जो पुढं असेल त्यानं उतरायचं, वाट साफ करायची, फांदी दरीत फेकायची. पुढं नेहमी मीच असायचो.

डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. पहिल्याच घरी आम्ही पाणी प्यायचो. घरची बाई तिशीच्या आतली. दोन पोरी, थोरली आठेक वर्षांची आणि धाकटी वर्षाची, सदा कडेवर. आमचं पातेल्यासारखं हेल्मेट पाहून ती हसायची. "गुरुजी, डोक्यावर गंज पालथा घालून कुठी चालले?" नवरा फॉरेस्टच्या रोजंदारीवर होता, जंगलातल्या पाणवठ्यांवर लक्ष ठेवायचा. कमी बोलायचा. सायकलला हात लावून बघायचा, टायरच्या नक्षीवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हे मस्त उठत असन धुळीत."

त्या रविवारी चैत्र लागला होता. मोहाची फुलं पडत होती, जंगलभर तो गोड आंबूस वास. आम्ही अर्धी चढण सायकल ढकलत किल्ल्यावर गेलो, दरवाज्याच्या सावलीत बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि नऊच्या सुमारास उतरायला निघालो.

खाली यायला दोन वाटा आहेत. एक लांबची, धारेवरून. दुसरी नाल्यातून, तीव्र उताराची. तिच्यासाठीच तर आम्ही वर चढायचो. तिच्या तोंडाशी तीन डगाली आडव्या पडल्या होत्या. डगाल म्हणजे पानांसकट तोडलेली फांदी. तिन्ही जांभळाच्या, हिरव्यागार, तिन्हींचे बुंधे एकाच बाजूला.

आता खरं सांगतो. माझं लहानपण गडचिरोलीत धानोऱ्याकडं गेलं, वडील तिकडं मास्तर होते. वाटेवर हिरवी डगाल आडवी दिसली की पुढं जनावर आहे, वाट बंद, हे मला शेंबडा होतो तेव्हापासून ठाऊक. आणि जांभूळ माथ्यावर उगवतच नाही, ते नाल्याकाठी असतं. कोणीतरी तोडून, खांद्यावर वाहून आणल्याशिवाय ती डगाल तिथं येत नाही. हे सगळं मला त्या क्षणी कळलं होतं. कळलं आणि मी ते डोक्यात शिरू दिलं नाही. मोबाईलवर वेळ चालू होती, मागच्या रविवारपेक्षा लवकर उतरायचं होतं, मागून मित्र येत होता. म्हटलं, वाऱ्यानं पडल्या असतील. वारा कुठला! पान हलत नव्हतं. तिन्ही डगाली उचलल्या आणि दरीत फेकल्या.

नाल्यात घाण वास आला. मित्र मागून ओरडला, "काहीतरी मेलं हाये इथी!" मी पायडल मारत राहिलो. खालच्या तोंडाशी, पाड्याच्या बाजूला, पुन्हा दोन डगाली आडव्या. त्याही उचलल्या, फेकल्या. पहिल्या वेळेला चूक म्हणाल. दुसऱ्या वेळेला काय म्हणाल?

पाड्यावर आलो तर बाई अंगणात टोपली घेऊन उभी. धाकटी रात्रभर तापानं फणफणली होती म्हणून तिचा उशीर झाला होता, बाकी बाया पहाटेच मोह वेचून आल्या होत्या. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "नाल्यानं आले का गुरुजी? वाट मोकळी हाये न?"

"एकदम मोकळी, बाई," मी म्हणालो.

तिनं धाकटीला थोरलीच्या मांडीवर दिलं आणि ती गेली. मी तांब्या ओट्यावर ठेवला. एवढंच.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. त्याच्या दुकानात पाड्याकडचं कोणीतरी आलं होतं. वाघानं आदल्या दिवशी नाल्यात बैल मारला होता, त्याच्यापाशी तो बसून होता. बाई सरळ त्याच्यावर गेली. जागीच संपली. मित्र म्हणत होता, "हे पाय, आपण गेलोच नव्हतो. परवानगी नाई, तुयी नोकरी जाईन, लफडं होईन. गप राय." मी "हो" म्हणालो. त्यानं सायकल विकून टाकली. माझी मी पत्र्याच्या शेडमध्ये उलटी टांगली.

आठ दिवसांनी आठवडी बाजारात पुढचं कळलं. तिच्या नवऱ्यानंच सकाळी वाघाची चाहूल लागल्यावर दोन्हीकडं डगाली टाकल्या होत्या आणि तो धारेच्या वाटेनं चौकीवर खबर द्यायला गेला होता. पण लोक धावत गेले तेव्हा तिथं डगाल नव्हती. एकही नाही. बाईचा बाप आला, त्यानं पंचांसमोर जावयाला विचारलं, कुठी हाये तुयी डगाल, दाखव. हा काय दाखवणार! "तू टाकलीच नाई. मोहाची पेऊन कुठीतरी पडला होता. माया पोरीले तूच मारलं," म्हातारा म्हणाला आणि दोन्ही नाती घेऊन गेला. जो डगाल टाकायला चुकतो त्याच्यासोबत त्या भागात कोणी जंगलात जात नाही. त्याच्याशी पाड्यातलं बोलणंही बंद झालं.

हे मला चैत्रात कळलं. मी गेलो आश्विनात. मधले महिने मी काय केलं? शाळेत गेलो, पेपर तपासले, नकाशातल्या खुणा चुकवणाऱ्या पोरांवर खेकसलो, जेवलो, झोपलोही. लाज वाटते लिहायला, पण झोप लागायची. मग सहामाहीच्या परीक्षेला एक मुलगी खुणांचा प्रश्न कोरा सोडून बसली होती. मी रागावलो तर रडत म्हणाली, "गुरुजी, मले येत होतं, पण लिहिलं नाई." मी वर्गातून बाहेर आलो, भिंतीला टेकून उभा राहिलो आणि त्या रविवारी सायकल काढली.

तो अंगणात एकटाच बसला होता. ओटा सारवलेला नव्हता. मला पाहून उठला, तांब्या भरून आणला. मी पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सगळं ओकलो: वरच्या तीन, खालच्या दोन, "एकदम मोकळी", सगळं. म्हणालो, "भाऊ, मारा मले."

तो टायरकडं बघत होता.

"माहीत हाये मले," तो म्हणाला. "टायरची नक्षी होती धुळीत. बुटाचे ठसे होते, दोन्हीकडं. मीच पयले पोचलो होतो न तिथी. मंग पोलीस आले, फॉरेस्टवाले आले, गाव आलं. सगळं पुसून गेलं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? म्हणले असते, आपलं पाप गुरुजीच्या गळ्यात घालून राह्यला. तुमच्याच तोंडून याले पाह्यजे होतं." त्यानं तांब्या खाली ठेवला. "दर रविवारी वाट पाह्यली तुमची."

मला रडू कोसळलं. तो तसाच उभा राहिला. माझं रडणं संपायची वाट बघत होता, बाकी काही नाही. मग चपला घालून म्हणाला, "चला. माया सासऱ्याले सांगा."

दोन तास चाललो आम्ही, मी सायकल ढकलत. सासऱ्याच्या अंगणात चार माणसं बोलावून घेतली आणि मी पुन्हा सगळं सांगितलं. माझ्या नोकरीचं पुढं जे व्हायचं ते झालं, त्याचं इथं काही नाही. म्हातारा जमिनीकडं बघत ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, "आधी काऊन नाई आले, गुरुजी?" मग तो उठला, जावयाजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत आवाज दिला, "पोरींनो, बाप आला."

थोरली धावत आली आणि बापाच्या कमरेला मिठी मारून हमसून हमसून रडली. धाकटी आता चालायला लागली होती. ती दारात उभी राहिली. बापानं खाली बसून दोन्ही हात पुढं केले, तिच्या नावानं हाक मारली. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग घाबरून आजोबाच्या धोतरामागं लपली. त्यानं उचलून घेतलं तर तिनं अशी किंकाळी फोडली की त्यानंच तिला परत म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "राहू द्या," तो म्हणाला. "तिले तरास नोका देऊ."

परतताना थोरली त्याचं बोट धरून पुढं चालत होती. मी मागं. नाल्याचा फाटा आला तसा तो थांबला, पण वळून माझ्याकडं पाहिलं नाही.

"आठवत नाई तिले मी," तो म्हणाला. "एवढ्याशा लेकराले सात महिने बहुत होते, गुरुजी."