एदिलेनेची साक्ष

"मी देवाला सांगितलं होतं, ताई. गावाला नाही," एदिलेने म्हणाली.

"देवाला मनातल्या मनात सांगता येत नाही? बहिरा आहे का तो?" मी विचारलं.

"मेरुशेताई, देवाचं नाव असं घेऊ नका," जोसुए मधे पडला.

"का बरं? तुम्ही त्याच्यापुढे माझ्या लेकीचं नाव घेतलंत, तेव्हा मला विचारलं होतंत?"

मी त्यांच्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसले होते. पुढे ठेवलेली कॉफी निवली होती. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस उत्तर मिळाल्याशिवाय कॉफीला तोंड लावत नाही. अकरा वर्षांत एदिलेनेला एवढं कळलं होतं, म्हणून ती सारखी त्या पेल्याकडे बघत होती.

"बायकोला सगळ्यांसमोर खोटं बोलायला सांगू मी?" जोसुए म्हणाला. "तेही प्रार्थनेच्या जागी?"

"हो. जिथे बोलली, तिथेच."

मग तो आपल्या भाषेत बोलायला लागला. एरवी माझ्यासमोर ती दोघं भांडायची तीसुद्धा आमच्या भाषेत, पाहुण्याला परकं वाटू नये म्हणून. त्यांची तालिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चौदा वर्षांची पोर, आमच्या तळ्याकाठच्या मुलींसारखं बोलणारी. मी तिच्याकडे पाहिलं.

"बाबा म्हणतात, त्यापेक्षा आपण दुसऱ्या गावी जाऊ," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, इथलं दार देवाने बंद केलं."

"देवाने नाही," एदिलेने म्हणाली. "मी केलं."

एदिलेने आमच्या या तळ्याकाठच्या पोग्रादेत्स गावात आली तेव्हा हिवाळा होता आणि तिच्या पायात कापडी बूट होते. ब्राझीलमधल्या कुठल्याशा कॉफी पिकवणाऱ्या गावची ही मुलगी. बाप बेकरीत कामाला, ही बेकरीच्या मागे पोती शिवायची आणि देवळात गायची. एकोणीस वर्षांची असताना त्यांच्या मंडळीत कुणी पाळक आला, त्याने भिंतीवर नकाशा लावला आणि सांगितलं की जगात असा एक देश होता जिथे देवाचं नाव घेतलं तर तुरुंगात टाकायचे. तो देश आमचा, ग्रीसच्या शेजारचा. "कोण जाईल?" असं त्याने विचारलं तेव्हा ही उभी राहिली. का, ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. "पाय आपोआप उभे राहिले, ताई," एवढंच म्हणायची. पुढे मिशनऱ्यांच्या शाळेत जोसुए भेटला. त्याचेही पाय असेच कुठेतरी उभे राहिलेले.

आमच्या जिन्यात समोरासमोरची दोनच दारं. पहिल्या आठवड्यात तिच्या चुलीचा धूर माझ्या घरात यायला लागला, तेव्हा मी जाऊन तिला लाकूड कसं रचायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिने ताटलीभर चीजचे गोळे पाठवले. मी ताटली रिकामी कशी परत करणार? लीकच्या पातीची भाजी भरून भाजलेला बुरेक घालून पाठवली. तेव्हापासून आमच्या दोन घरांमधे ताटल्यांचं येणं-जाणं कधी थांबलं नव्हतं.

मी देवाची नाही. आमच्या पिढीला शाळेत देव शिकवला नाही आणि नंतर शिकायला वेळ मिळाला नाही. एदिलेनेनेही मला कधी फार ओढलं नाही. जोसुएने जुन्या चपलांच्या दुकानाचा गाळा भाड्याने घेऊन तिथे रविवारची उपासना सुरू केली. आठ-नऊ बायका, दोन म्हातारे आणि पावसात अडकलेला एखादा वाटसरू, एवढी त्याची मंडळी.

पण एक सांगते, या बाईला खोटं बोलता यायचंच नाही. सगळ्या जिन्याने विजेच्या तारा परस्पर जोडून घेतल्या होत्या, हिने एकटीने मीटर ठेवलं. एकदा मी घरमालकाला टाळत होते. एदिलेनेला म्हटलं, मी घरात नाही म्हणून सांग. ती लालबुंद होऊन जिन्यात उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "ती घरातच आहे, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणते." घरमालक इतका हसला की त्या महिन्यात भाड्याचं बोललाच नाही. माझा नवरा नेवरूझ आजही ते सांगतो. म्हणजे, हे सगळं होईपर्यंत सांगायचा.

दर चार वर्षांनी ती लोकं मायदेशी जायची. आराम करायला जातात असं मला वाटायचं. आराम कुठला? या गावातून त्या गावात, या मंडळीतून त्या मंडळीत. माझ्या आईचं भरतकामाचं जाकीट ती मागून न्यायची. ते घालून उभी राहायची आणि आमच्याबद्दल सांगायची. एकदा तिने मला तिथला फोटो दाखवला. शंभर-दीडशे माणसं डोळे मिटून रडत होती.

"कुणासाठी रडतात?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी."

"आम्हाला काय झालंय?"

ती गोंधळली. तिच्या कामाची ती रीतच होती. एखाद्याचं दुःख नावागावासकट सांगायचं, मग ऐकणारे गुडघे टेकतात, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे वर कुणीतरी ऐकतो. तिच्या लहानपणीही तसंच व्हायचं. तिच्या बापाने दारू पिऊन तमाशा केला तेव्हा तिच्या आईने देवळात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जेवणाची भांडी घेऊन दारात हजर. तिच्या मुलखात दुःख बोललं की माणसं धावून येतात. आमच्याकडे बोललेलं दुःख शत्रूच्या हातात पडतं. तिने या दोन गोष्टी सारख्याच धरल्या, आणि इथे राहून मीही तिला कधी हे नीट सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

माझी लेक ब्लेर्ता ग्रीसमध्ये दिलेली. जावई पेत्रित तिथे बांधकामावर. उन्हाळ्यात ती एकटीच परत आली. आम्ही गावात सांगितलं, माझी कंबर धरली आहे, मदतीला आली आहे. खरं फक्त एदिलेनेला माहीत होतं, कारण लोणच्याच्या मिरच्या भाजताना ब्लेर्ताने बाही वर केली आणि एदिलेने समोर होती. दंडावर बोटांचे काळे-निळे वळ. तिने काही विचारलं नाही, फक्त ब्लेर्ताच्या हातातला चिमटा घेऊन स्वतः मिरच्या भाजल्या. तेव्हा मला वाटलं होतं, बहीण असावी तर अशी.

चार वर्षांचा लुआन बापाकडेच राहिला होता. त्याला आणायचा होता. अशा वेळी आमच्याकडे आरडाओरडा करत नाहीत. माझे चुलते रेफातकाका दोनदा ग्रीसला जाऊन आले. व्याह्यांकडे बसले, कॉफी तशीच ठेवली, हवापाण्याचं बोलले आणि मधेच एक वाक्य टाकलं. व्याही वळत आले होते. सुनेने आईकडे राहावं, कंबरेचं कारण आहेच, मुलगा द्राक्षांच्या वेळी आजोळी यावा आणि हिवाळा इथेच काढावा. कुणाचा मुलगा मारकुटा नाही, कुणाची मुलगी पळून आलेली नाही. सगळ्यांची नाकं शाबूत आणि पोर आईजवळ. एवढंच तर हवं होतं.

आणि मग एका रविवारी एदिलेने उपासनेत उभी राहिली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, आपण ब्लेर्तासाठी प्रार्थना करू. तिचा नवरा तिला मारतो, तिचा मुलगा तिच्यापासून तोडला आहे. बायकांनी एकमेकींचे हात धरले. त्यात पेत्रितच्या आत्याची सून होती.

द्राक्षं येऊन गेली, लुआन आला नाही. व्याह्यांनी निरोप धाडला, माझ्या मुलाला परक्यांच्या खोलीत मारकुटा ठरवलंत, आता पोराचं तोंड विसरा. नेवरूझने त्या दिवसापासून समोरच्या दाराकडे पाहून थुंकायला सुरुवात केली. एदिलेने येऊन दार वाजवायची, मी उघडत नसे. तिची एक ताटली माझ्याकडे राहिली होती, ती मी फडताळात पालथी घातली. गाळ्यातल्या बायकाही एकेक करून जायच्या बंद झाल्या. जिथे तोंड उघडलं की नाव गावभर जातं, तिथे कोण जाणार?

शेवटी रेफातकाकांनीच पुन्हा जाऊन मार्ग काढला. व्याह्यांची अट एकच. त्या परदेशी बाईने त्याच जागी, रविवारी, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की ती बोलली ते खोटं होतं. पेत्रितची आत्या समोर बसून ऐकेल. तिने फोन केला की पोराला बसमधे बसवतील. रेफातकाकांचा शब्द त्याला जामीन. तो निरोप घेऊन मी आज इतक्या दिवसांनी हा उंबरा ओलांडला होता.

"मी ग्रीसला जातो," जोसुए आता पुन्हा आमच्या भाषेत म्हणाला. "त्याच्या वडिलांचे पाय धरतो."

"ते तुम्हाला चांगली कॉफी देतील आणि बसवर सोडायला येतील. पोर देणार नाहीत."

"आम्ही उपास करू, ताई. सात दिवस."

"करा की. पोट तुमचं आहे. मला नातू आणून द्या."

त्याने कपाळ दोन्ही हातांत धरलं. वाईट माणूस नव्हता तो. "तुम्हाला कळत नाही," तो हळू म्हणाला. "अकरा वर्षं मी इथे एकच गोष्ट सांगतोय, की आमच्या शब्दावर विश्वास ठेवा. ती एकदा म्हणाली की प्रार्थनेत मी खोटं बोलले, की बाकी सगळंच खोटं ठरलं. मग मी कुठल्या तोंडाने उभा राहू? आम्हाला पाठवणाऱ्यांना काय सांगू?"

"आणि पेत्रित मारतो त्याचं काय?" तालिता एकदम ओरडली. "ते खरंच आहे ना! आई म्हणेल मारत नाही, आणि तो सुटेल! मावशी, तुला तसं चालेल?"

पोरीने नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं होतं. आठवडाभर मला झोप नव्हती ती त्यापायीच. उद्या तो ब्लेर्ताला न्यायला आला तर गावात कोण म्हणणार की नको पाठवू? तिच्या बाजूने एकच साक्षीदार होती, आणि तिचीच जीभ मी कापायला निघाले होते.

दार वाजलं नाही, उघडलंच. ब्लेर्ता आली होती. पायात घरातल्या सपाता, केस विंचरलेले नाहीत.

"सगळ्या जिन्याला ऐकू जातंय," ती म्हणाली.

एदिलेने उठून तिच्यासमोर उभी राहिली. त्या रविवारनंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या.

"तुला मारलं हे झालंच नाही, असं मी सांगू?" एदिलेनेने विचारलं. "देवासमोर? ब्लेर्ता, तू सांग. तू म्हणालीस तर."

"माझ्यावर नका टाकू," ब्लेर्ता म्हणाली. "तेव्हा मला विचारलं नव्हतंत, आता का विचारता?"

एदिलेने एक पाऊल मागे सरली.

"काय झालं ते माझ्या दंडाला माहीत आहे," ब्लेर्ता म्हणाली. "गावाला माहीत असून मला काय मिळालं? लुआनला झोपताना कुणाचा तरी कान धरायला लागतो. तिथे तो कुणाचा धरतो, तेवढं मला सांगा." आणि ती खाली बसली, खुर्चीवर नाही, जमिनीवरच, दाराशी काढलेल्या बुटांजवळ.

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे धपाटे ऐकू येत होते. एदिलेने ओट्याकडे गेली, नळ सोडला, काही धुतलं नाही, नळ बंद केला. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. जोसुएने तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला आणि मधेच मागे घेतला.

"एदी," मी म्हणाले. मला आणखी काय म्हणायचं होतं ते आजही ठाऊक नाही. नको करूस म्हणणार होते की कर म्हणणार होते.

ती वळली. चेहरा पुसलेला नव्हता. आमच्याच भाषेत बोलली, सगळ्यांना कळेल असं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात.

"रविवारी मी उभी राहून सांगणार आहे की ब्लेर्ताबद्दल बोलले ते खोटं होतं. जोसुए, तू पुढच्या बाकावर बसायचंस, बाहेर जायचं नाही. लुआन आला की आपण हे घर सोडायचं आणि ब्राझीलला परत जायचं. या कामाला मी आता लायक नाही, बेकरीत काम बघेन. तालिता, तुझी पुस्तकं तू बांध."