सुताने तपासलेली तीनचाकी

विलायतेतल्या कोल्न गावातल्या उतरत्या दगडी गल्लीत विल्फ हॅलस्टेडला अजूनही सगळे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, असेच म्हणत. कापडगिरणी बंद होऊन पंचवीस वर्षे लोटली होती, माग भंगारात गेले होते. पण एखादी बिघडलेली वस्तू समोर आली की विल्फची बोटे आधी तिच्यावरून फिरत आणि डोळे मागाहून. त्याची बायको मेव्हिस त्याच गिरणीत सहा माग सांभाळीत असे. त्या गदारोळात उमेदीची वर्षे गेल्यामुळे दोघांचेही कान निकामी झाले होते, आणि गिरणीतल्या सर्वांप्रमाणे ती दोघेही एकमेकांच्या ओठांवरचे शब्द वाचून बोलत. शेजारीपाजारी बहुतेक गिरणीचेच. त्यामुळे या बहिरेपणाचे कुणाला काही वाटत नसे.

जुलैत गिरण्यांच्या सुट्टीचा आठवडा आला की ही दोघे मोटरसायकलवरून मोरकॅमच्या समुद्रावर जात. गिरणी गेली तरी हा नेम मोडला नव्हता. मग मेव्हिसच्या डाव्या अंगाला अर्धांगवायूने धरले आणि दोन उन्हाळे समुद्राविना गेले. जावयाने मोटारीतून नेण्याची तयारी दाखवली.

"डब्यातून मासे नेतात," मेव्हिस म्हणाली. "मी विल्फच्या मागं बसून जाईन, नाहीतर जाणार नाही."

पुन्हा झटका येणारच नाही, असे डॉक्टर सांगू शकत नव्हते. विल्फने ते त्यांच्या ओठांवर वाचले, आणि घरी येऊन त्याच आठवड्यात मोटरसायकल मधोमध कापली.

हिवाळाभर परसातल्या शेडमध्ये काम चालले. सांगाड्याला भंगारातल्या मोटारीचा मागचा आस जोडला गेला, तिसरे चाक आले, डावीकडे उंच हात असलेली रुंद बैठक आली. पण घरी बांधलेले वाहन सरकारी तपासणीत उतरल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि त्या नियमांत एक असे होते की अंगाला लागेल अशी एकही धारदार कड गाडीवर नसावी. विल्फने शिवणाच्या डब्यातून सुताचा धागा घेतला. तो प्रत्येक कडेवरून, प्रत्येक नटावरून अलगद ओढायचा. जिथे धाग्याचा एखादा तंतू अडकेल, तिथे कानस. गिरणीत आडवा धागा नेणारे लाकडी धोटे तो असेच तपाशी, कारण धोट्यावरचे एक कुसळ सगळा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तोडते.

मेव्हिस खुर्चीत बसून पाहत असे. धाग्याची ही फिरत तिने अर्धे आयुष्य पाहिली होती, पण तेव्हा ती कापडासाठी होती. आता तोच धागा तिचा निर्जीव गुडघा जिथे टेकणार होता तिथून फिरत होता, एकदा, दोनदा, सात वेळा. ती त्या बोटांकडे देवळात बसल्यासारखी पाहत राहिली.

मे महिन्यात इंजिन सुरू झाले.

"कशी वाटते?" विल्फच्या ओठांनी विचारले.

"मांजरीसारखी. नुसती घुरघुरतेय."

परसासमोरच्या घरात शमीम राहत असे. ती रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका होती आणि दिवसा झोपे. तिने खिडकी उघडून दोन्ही हात जोरजोरात हलवले. दोघांनीही आनंदाने हात हलवले.

"कौतुक आहे हो पोरीला," मेव्हिस म्हणाली.

तपासणीला मिसेस थ्रेलफॉल नावाच्या सडसडीत बाई होत्या. कडा मोजायचे माप घेऊन त्या तासभर गाडीभोवती फिरल्या. अखेर माप खिशात ठेवून त्यांनी नुसते बोट फिरवले.

"कशानं पाहिलंत हे?"

"सुतानं."

त्यांनी बोट पुन्हा एकदा फिरवले. मग आवाज मोजायचे यंत्र लावून त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितले, आणि क्षणात कानांवर हात ठेवले.

"मिस्टर हॅलस्टेड, इतका आवाज आहे हे तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"हिला विचारलं होतं मी. मांजरीसारखी म्हणाली."

"यांना ऐकू येतं?"

"माझे माग याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचे, बाई," मेव्हिस म्हणाली.

मिसेस थ्रेलफॉल हसल्या, पण गाडी नापास झाली. फेरतपासणी मिळाली ती सुट्टीच्या अगदी आधीच्या गुरुवारची.

घरी आल्यावर विल्फ चहा न घेता बसून राहिला. जे त्याला कळतच नव्हते ते तो दुरुस्त कसे करणार? मेव्हिस काठी टेकत उठली आणि तिने खुंटीवरचे गिरणीतले लाकडी तळव्यांचे जुने बूट काढले.

"घाल मला. माग बिघडला की मला कुठून कळायचं? कानांनी? अरे, फरशीतून कळायचं."

परसातल्या दगडी फरशीवर ती उजव्या पायावर भार देऊन उभी राहिली. विल्फ सायलेन्सर उघडी, आत जाळीची नळी बसवी, भोवती आवाज शोषणारी खनिज लोकर ठाशी आणि इंजिन सुरू करी. मेव्हिस डोळे मिटून बोट वर करी, म्हणजे कंप अजून जास्त आहे. सायलेन्सर अकरा वेळा उघडला गेला. आता पाहत राहण्याची पाळी विल्फची होती. ज्या बाईला काठीशिवाय खुर्चीतून उठताही येत नसे, ती एका तळव्यातून इंजिनाच्या पोटातला कंप निवडीत होती. बाराव्या वेळी बोट वर झाले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शमीम समोशांची ताटली घेऊन आली.

"बरं वाटतंय ना जॉबरकाका? आज गाडीला हातच लावला नाहीत म्हणून विचारायला आले."

विल्फने मेव्हिसकडे पाहिले. खात्री करून घ्यायला दिवसभर इंजिन चालू ठेवले होते.

"मग त्या दिवशी हात कशाला हलवत होतीस गं?" मेव्हिसने विचारले.

शमीमने दोन्ही कानांवर हात ठेवून दाखवले. विल्फ इतका हसला की समोसा त्याच्या घशात अडकला.

गुरुवारी मिसेस थ्रेलफॉल यांनी यंत्राचा आकडा दोनदा पाहिला, सही केली आणि दारापर्यंत सोबत आल्या. कागद होऊन नंबर मिळेपर्यंत सुट्टीचा आठवडा उलटून गेला.

"समुद्राला सुट्टी नसते," मेव्हिस म्हणाली.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ती दोघे माळरानाच्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणावर मेव्हिसचे अंग जुन्या सवयीने आत झुकले, पण गाडी झुकली नाही. बैठकीच्या हाताने तिला तोलून धरले. तिने उजवा तळवा विल्फच्या पाठीवर ठेवला. इंजिनाचा बारीक, एकसारखा कंप त्या पाठीतून तिच्या हातात येत होता. खाली दूरवर वाळू आणि पाण्याचा करडा पट्टा दिसला तेव्हा तिने त्याच्या पाठीवर दोनदा थोपटले. विल्फने मान हलवली. त्याला ते नीट ऐकू आले होते.