उजव्या हाताची मूठ

“मास्तर, बँड बंद काहून पडला?”

“बंद न्हाई साहेब. धरणाचं पाणी शांत झालंय.”

कळमनुरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची रिहर्सल चालली होती. विचारणारे शाळेचे सचिव. वीस वर्षं मी लग्नाच्या बँडचा मास्तर. खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसाठी वाजवायची ही पहिलीच ऑर्डर. माझ्या अंगात लगेच संगीतकार संचारला. चार दिवस सकाळी सिद्धेश्वर धरणाच्या काठावर जाऊन बसलो. एक होडी, चार बगळे आणि हलायलाच तयार नसलेलं पाणी. त्यावर सात मिनिटांचा पीस लिहिला.

त्या पीसचा जीव मधल्या एका मिनिटात होता. तिथे सगळा बँड गप्प. एकटी क्लॅरिनेट, तीही ‘पीपी’त. पीपी म्हणजे शेजारी झोपलेलं लेकरू उठू नये इतकं हळू. ते मिनिट आमच्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्या किसनमामांसाठी होतं. मामांचा दम सरत आला होता. हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम. त्यांची क्लॅरिनेट जन्मभर वरातीत ढोलाखाली दबलेली. त्यांच्या लेकीने ती एकटी कधी ऐकलीच नव्हती. कार्यक्रमाच्या दिवशी लेक आखाडा बाळापूरहून तेवढ्यासाठी आली होती.

ते मिनिट आलं. मामांनी डोळे मिटून पहिला सूर लावला. मागे खुर्च्या वाजल्या. कुणीतरी ‘लाइट गेली काय’ म्हणून पंख्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतून सचिवांनी ‘वाजवा, वाजवा’ म्हणून हात हलवला.

वरात रेंगाळली की मास्तर उजव्या हाताची मूठ वर करतो. मूठ म्हणजे ‘सगळे उचला’. मी ठरवलं नव्हतं, पण हाताला सवय. मूठ वर गेली. ढोल, झांजा, ट्रम्पेट. धरणच फुटलं म्हणा. लोक खूश. दोन पाहुणे तर नाचायला उठले. मामा मिटल्या डोळ्यांनी शेवटच्या सुरापर्यंत वाजवत होते. त्यातला एकही ऐकू आला नाही.

नंतर लेक त्यांच्याजवळ आली. “बाबा, तुमी कवा वाजवलं?”

मामा क्लॅरिनेट पुसत होते. मी उगाच टोपीचा तुरा सारखा करत राहिलो.

“वाजवलं की, बाई,” मामा म्हणाले. “पाण्याखाली व्हतो.”

तो पीस आम्ही अजून वाजवतो. मामा आता नाहीत. त्यांचं मिनिट मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. ते आलं की मी उजवा हात खिशात घालून उभा राहतो. लोक विचारतात, बँड बंद पडला काय?

मी म्हणतो, व्हय.