नाकवाले काका

नाकवाले काका गाडीला हात लावण्याआधी तिचा वास घेत. आधी सायलेन्सरपाशी उकिडवे बसून, मग बॉनेट चार बोटं उचलून, डोळे मिटून. तोवर मालकाने तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. कोणी घाईने "काका, गाडी मधेच गचके मारते" असं म्हणालंच, तर ते डोळे न उघडता म्हणत, "तू सांगून राहिला का गाडी? एकानं बोला." नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडला पाटी नव्हती. जुन्या गाड्या बाळगणारे गावभरातून तिथे येत, पण काकांचं खरं नाव विचारलं तर शेजारच्या चहावाल्यालाही सांगता येत नसे.

माझ्याकडे वडिलांची गाडी आहे. ती बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. गाडी मात्र वडिलांच्या स्वभावावर गेली आहे, म्हणजे मनात आलं तर चालते. तिच्यापायी काकांची आणि माझी वीस वर्षांची ओळख. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ते मला मास्तर म्हणत आणि जयभीम झाला की लगेच माझ्या ज्ञानाची कीव करायला घेत.

जुन्या गाड्यांचं निम्मं दुखणं कार्बोरेटरच्या वाटीत असतं, हे त्यांचं ठाम मत. या वाटीत पेट्रोल साठतं आणि त्यावर पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीत गोळा असतो, तसंच त्याचं काम. पेट्रोल ठरल्या खुणेपर्यंत चढलं की तो वर येऊन एका सुईने वाट बंद करतो. पातळी थोडी वर गेली की गाडी काळा धूर ओकते, खाली गेली की चढावर धापा टाकते. एवढं मीही फळ्यावर चित्र काढून सांगू शकतो. काका ते नुसत्या वासावरून सांगत. "जास्त खाऊन राहिली," नाहीतर "उपाशी आहे."

रामटेकच्या एका भातगिरणीवाल्याची गाडी गडाच्या चढावर हमखास बंद पडायची. तीन मिस्त्र्यांनी पंप बदलला, प्लग बदलले, शेवटी मालकाचं गाडी चालवणंच चुकतं असं ठरवलं. काकांनी एक प्लग काढून हुंगला. "कोरडा आहे. वाटीत पेट्रोल कमी येऊन राहिलं. चढावर तेही मागं सरकते, मंग ते बिचारी काय पिईन?" त्यांनी फ्लोटची सुईला टेकणारी पितळी जीभ नखभर वाकवली, म्हणजे वाट जरा उशिरा बंद होईल. गिरणीवाला नंतर दर हंगामाला त्यांच्याकडे तांदूळ पोचवत असे.

आमच्या गाडीने एकदा धूर धरला, तेव्हा त्यांनी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं. गरम पाण्यात बुडवला तर सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुडे आले. पेट्रोल काढून भोकावर कथलाचा बारीकसा डाग दिला. मी म्हटलं, जरा जास्त लावा, पुन्हा गळायला नको. "मंग तो जड होते, मास्तर. जड झाला का पुन्हा बुडते. इतकं तर पोट्टेबी सांगतीन तुमच्या वर्गातले."

त्यांना एकदा तरी हरवावं अशी माझी फार इच्छा होती. म्हणून मी पारदर्शक नळी घेऊन गेलो. वाटीच्या तळाचा स्क्रू काढून तिथे ती जोडायची आणि उभी धरायची. वाटीत जेवढी पातळी, तेवढीच नळीत दिसते. गवंडी भिंतीची पातळी अशाच नळीने काढतात. काकांनी ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "हे एखाद्या गवंड्याले द्या गा मास्तर. मले नाक आहे."

साथीच्या तापातून काका उठले तेव्हा वाळले होते, पण बोलणं तेच. पुढच्या एप्रिलमध्ये आमची गाडी पुन्हा काळवंडली, म्हणून त्यांना घरीच बोलावलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि पारदर्शक नळी काढली. मला झालेला आनंद सांगायला आज लाज वाटते.

"काय काका, नाक घरी ठेवून आले?"

"वय झालं, मास्तर. मोजलेलं बरं."

मला वाटलं, वीस वर्षांचा वाद मी जिंकला. बायकोला, सुनंदाला, स्वयंपाकघरात जाऊन ही वार्ता देऊनही आलो.

इंजिन तापवून त्यांनी पातळी पाहिली, ती वर होती. झिजलेली सुई बदलून पुन्हा मोजली. बरोबर खुणेवर आली. नळी काढून त्यांनी स्क्रू बसवला. मी स्टेअरिंगवर बसलो.

"मारा सेल्फ," काका म्हणाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुनंदा म्हणाली, "अहो, थांबा जरा. पेट्रोलचा केवढा वास येतोय."

"जुन्या गाडीले येतेच वं बाई." बोलताना ते इंजिनावर वाकलेले होते आणि त्यांचं नाक वाटीपासून वीतभर अंतरावर होतं.

तेवढ्यात वास माझ्यापर्यंतही पोचला. मी किल्ली काढून खाली उतरलो. स्क्रूखालचा वायसर जमिनीवर पडलेला होता, आणि तिथून पेट्रोल गळून तापलेल्या पाइपापासून दोन बोटांवर ठिबकत होतं.

काकांनी वाकून ते थेंब पाहिले. मग पायरीवर बसले. "येत नाही, मास्तर. तापापासून काहीच येत नाही. भात करपला तरी समजत नाही. मले वाटे, येईन आज नाही तं उद्या." मग म्हणाले, "शेडात रोज चार माणसं राहते. एखादा जळला असता माझ्या हातानं."

मघाची थट्टा आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे कोणाला सांगणार नाही, असं मी म्हणालो.

"तुमी काहून लपवता? मीच सांगतो."

आणि त्यांनी खरंच सांगितलं, शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, गाडीला हात लावण्याआधी. नाकावर नाव मिळवलेल्या माणसाचं नाकच गेलं म्हटल्यावर निम्मे लोक यायचे थांबले. राहिले त्यांच्यासाठी काकांनी नवा दंडक केला. मालकाने वास येणारा एक माणूस सोबत आणायचा आणि काम संपेपर्यंत त्याने गाडीजवळून हलायचं नाही. आमच्याकडून सुनंदाची निवड झाली. कच्च्या पेट्रोलचा वास कोणता, जास्त प्यालेल्या इंजिनाचा धूर कसा डोळ्यांत झोंबतो, हे ते तिला शिकवत. मी विचारलं, माझं नाक काय वाईट आहे? "तुमी नळी धरा," ते म्हणाले.

यंदा दिवाळीनंतर शेड बंद करून ते खाप्याला मुलीकडे राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी सकाळी न बोलावता आमच्याकडे आले. गाडीला काहीही झालेलं नव्हतं, तरी नळी लावून त्यांनी पातळी पाहिली. खुणेवर होती. स्क्रू बसवून, बोटाने दोनदा चाचपून त्यांनी मला इंजिन सुरू करायला सांगितलं. ते एका लयीत चालू लागलं. आता काका हत्यारं आवरतील असं मला वाटलं. त्यांनी सुनंदाला जवळ बोलावलं.

"सांग वं पोरी, कसा येऊन राहिला?"

तिने वाकून पाहिलं. "काही बिघाड नाही, काका."

"बिघाड नाही विचारून राहिलो. वास कसा आहे, ते सांग."

सुनंदा माझ्याकडे पाहून पुन्हा वाकली. "आधी जरासा गोड येतो," ती शब्द शोधत म्हणाली. "मग एकदम नाकात चढतो. मागून गरम पत्र्याचा येतो, आणि थोडा जळक्या तेलाचा."

काकांनी डोळे मिटले.

"आणखीन?" ते म्हणाले.

ती सांगत राहिली. मी इंजिन बंद केलं नाही.